बाळ येशूची संत तेरेजा : रोजच्या कामातले संतपण



१ ऑक्टोबर रोजी आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. ती पाहून तिचे आयुष्य सुखात गेले असावे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नव्हते.

तेरेजा मार्टिन २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ या गावी जन्मली. वडील लुई घड्याळजी होते, तर आई झेली लेसचा व्यवसाय करीत असे. तेरेजा साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने वारली. मग कुटुंब लिझ्यू येथे राहायला आले. जिला ती दुसरी आई मानत होती, ती बहीण पोलीन १८८२ साली कार्मेल मठात गेली. तेरेजा फार हळवी झाली. जरा काही झाले की ती रडत असे. १८८६ च्या नाताळच्या रात्री मिस्साहून परतल्यावर वडिलांचे त्रासिक शब्द तिच्या कानी पडले. तरीही अश्रू आवरून तिने हसतमुखाने भेटवस्तू उघडल्या. एवढीशी गोष्ट! पण आपले खरे परिवर्तन त्याच रात्री झाले, असे ती पुढे मानत असे.

९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या १५ व्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. तेथे तिच्या वाट्याला झाडलोट, भोजनगृहातील कामे, धुणी अशी साधीच कामे आली. धुणे धुताना समोरच्या धर्मभगिनीकडून मळके पाणी तिच्या तोंडावर उडे, पण ती मागे सरली नाही. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत बारीक आवाज करीत असे. तेरेजाला घाम फुटे, पण वळून पाहण्याऐवजी तिने तो आवाजच प्रभूला अर्पण केला. आणखी एका भगिनीचे सारेच वागणे तिला नकोसे वाटे. तिच्याशी ती इतक्या गोडीने वागली की, माझ्यात तुला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीनेच तिला विचारले. प्रार्थनेत तिला झोपही लागत असे. पण मूल झोपले म्हणून आईबाप त्याच्यावर कमी प्रेम करीत नाहीत, असा तिचा विश्वास होता. हीच तिची छोटी वाट.

मोठी दुःखेही तिला चुकली नाहीत. १८८९ साली वडिलांना मानसिक आजारामुळे काँ शहरातील रुग्णालयात ठेवावे लागले. ते तेथे तीन वर्षे होते. मठाच्या नियमामुळे तिला त्यांच्या सेवेला जाता आले नाही. घरातील असा आजार लपवताना आपलीही किती ओढाताण होते! १८९६ च्या पवित्र सप्ताहात क्षयाने तिला रक्ताची उलटी झाली. त्यानंतर लवकरच तिच्या मनात अंधार दाटला. स्वर्ग आहे की नाही, हीच शंका तिला छळू लागली. तरी तिने प्रार्थना सोडली नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, २४ व्या वर्षी, ती प्रभूकडे गेली.

१९२५ साली पोप पायस अकरावे यांनी तिला संतपद दिले. मठाबाहेर न पडलेल्या या तरुणीला १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. ज्यांचे शरीर जुन्या गोव्यात आहे, तेच हे मिशनरी. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले.

आपल्याही घरात, कामाच्या ठिकाणी आणि चर्चच्या बाकावर एखादी व्यक्ती अशी असते की जिचा आवाजही आपल्याला नको होतो. येत्या आठवड्यात तिच्याशी आपण होऊन एक चांगला शब्द बोलूया. मनात गोडी नसली तरी बोलूया. तेरेजालाही गोडी वाटत नव्हती. आणि ज्यांना आज प्रार्थना कोरडी वाटते, त्यांनी प्रभूने आपल्याला टाकले असे मानू नये.

संत तेरेजा, आम्हांसाठी विनंती कर.