मराठी मातीतले ख्रिस्तसेवक : रेव्हरंड ना. वा. टिळक

फुलांमुलांचे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठी वाचकाला परिचित आहेत. मात्र काव्य हे त्यांच्या लेखी ईश्वरसेवेचेच एक अंग होते. या सेवेची मोठी कर्मभूमी ठरले अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला जोडणारा धर्म ते शोधत होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोही आग्रहाने एका देशी पाळकाच्या हातून.

या निर्णयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. त्या परतल्या आणि स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. या संसाराची कहाणी पुढे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने अजरामर केली.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. तेथे टिळकांनी धर्मोपदेशकांना शिकवले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि निराधार मुलांना घरात आसरा दिला. तरुण बालकवी ठोंबरे यांनाही याच घराचा आधार लाभला.

ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हा त्यांचा ठाम विश्वास होता. चर्चमधील उपासना त्या काळी परकीय चालींवर चाले. टिळकांनी तिला अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट दाखवली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. देशभक्ती आणि ख्रिस्तभक्ती यांत त्यांना विरोध दिसला नाही. परिणामी एकीकडे स्वकीयांचा रोष आणि दुसरीकडे मिशनच्या चौकटीशी मतभेद, असा दुहेरी ताण त्यांनी सोसला.

अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. सेवेला वेतनाचे बंधन नको, या भूमिकेतून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे स्थान होते. ख्रिस्ताच्या अनुयायांचे हे देशी बंधुमंडळ पुरते आकाराला येण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरेच राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी शिरावर घेतले. एकेकाळी धर्मांतरामुळे पतीपासून दुरावलेल्या या विदुषीने त्यात अनेक अध्यायांची भर घातली. टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. स्वभाषा आणि स्वदेश न सोडताही देवाचे गौरव करता येते, याची साक्ष त्यांच्या जीवनाने दिली.