विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन

डहाणू रोडहून मुंबईस गेलेल्या आपल्यापैकी बऱ्याच भगिनींनी चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची दगडी इमारत पाहिली असेल. ज्यांचे नाव तिला दिले आहे, त्या डॉ. जॉन विल्सन यांचा आपल्या भागातील वारली बांधवांशीही संबंध आला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

विल्सनसाहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये पत्नी मार्गारेटबाईंसह मुंबईस आले. आरंभी कोकणात राहून दोघांनी मराठीचा अभ्यास केला. मुलींनी शाळेत जाणे लोकांना रुचत नसे, अशा काळी मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३२ साली विल्सनसाहेबांनी इंग्रजी शाळा सुरू केली. पुढे तिचेच कॉलेज झाले.

१८३५ च्या एप्रिलमध्ये मार्गारेटबाई वारल्या. तेव्हा त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून येथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम पुढे चालविले.

आपण धर्मप्रसारासाठी आलो आहोत, हे विल्सनसाहेबांनी कधी लपविले नाही. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. मोठा गहजब उडाला, प्रकरण न्यायालयात गेले. पोटचा मुलगा दुरावेल या धास्तीने अनेक आईबापांनी मुले शाळेतून काढली. त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. उरलेल्या मुलांना घेऊन शाळा चालू राहिली. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सनसाहेब नव्या पक्षात गेले आणि शाळेसाठी बांधलेली नवी इमारत हातची गेली. शाळा पुन्हा दुसरीकडे मांडावी लागली.

त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कोकणातील वारली व कातकरी यांच्याविषयी त्यांचा लेख छापून आला. रानात राहणाऱ्या या लोकांना त्यांनी स्वतः त्यांच्या चालीरीती विचारल्या आणि वाघ्या देवाच्या पूजेसारख्या गोष्टी टिपून ठेवल्या.

१८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. चौपाटीची इमारत त्यानंतर, १८८९ साली झाली.

कॉलेजला त्यांचे नाव मिळाले, ते योग्यच. पण मार्गारेटबाईंमागे मुलींच्या शाळा बंद पडल्या नाहीत, कारण त्यांच्या बहिणींनी ते काम आपले मानले. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्या तिघींचीही आठवण ठेवू या.