देवघरचे मास्तर : सखाराम गणेश देउस्कर

वैद्यनाथाच्या यात्रेमुळे सर्वपरिचित झालेल्या देवघरजवळ करौं नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते झारखंडात मोडते. तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात १७ डिसेंबर १८६९ रोजी सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षी मातृछत्र हरपल्यावर विधवा आत्याने त्यांचा सांभाळ केला. या आत्येला मराठी वाङ्मयाची चांगली जाण होती. बंगाली मुलुखात वाढणाऱ्या बालकाला मराठीचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे वेड लागले, त्याचे मूळ बहुधा या सहवासातच असावे.

१८९३ मध्ये देवघरच्या ज्या शाळेत ते शिकले, तेथेच शिक्षक झाले. वृद्ध राजनारायण बसू त्या वेळी देवघरात राहत. त्यांच्या सहवासाने सखारामांची देशभक्ती पक्की झाली. बसूंचे नातू, पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेले बारींद्रकुमार घोष, याच शाळेत सखारामांचे विद्यार्थी होते. परंतु स्थानिक मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध 'हितवादी' पत्रात लेख लिहिल्यामुळे मास्तरांची नोकरी धोक्यात आली. ती सोडून त्यांनी कोलकाता गाठले आणि 'हितवादी'तच मुद्रिते तपासण्याचे काम पत्करले. पुढे ते त्याच पत्राचे संपादक झाले.

नोकरी सुटली तरी शिकविणे सुटले नाही. १९०२ च्या सुमारास कोलकात्यातील तरुण अनुशीलन समितीसारख्या मंडळ्यांत लाठी-कसरतीसाठी जमू लागले. तेथे सखाराम त्यांना इतिहास आणि अर्थकारण शिकवीत. तरुण रक्त तापविणे फारसे कठीण नसते. देश दरिद्री कसा झाला, हे आकड्यांनिशी समजावून सांगणे अधिक कष्टाचे, आणि सखारामांनी तेच अंगावर घेतले. विणकऱ्यांचा धंदा कसा बुडाला, देशातील संपत्ती कोणत्या वाटेने बाहेर जाते, याचे विवेचन त्यांनी दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि डिग्बी यांच्या ग्रंथांच्या आधारे 'देशेर कथा' या बंगाली पुस्तकात केले. ते १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्वदेशीच्या चळवळीत तरुणांच्या हातोहाती फिरले. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजविण्यातही त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेला रवींद्रनाथांची कविता लाभली.

सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा टिळकांना गुरुस्थानी मानणाऱ्या सखारामांनी 'हितवादी'चे संपादकपद सोडले. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. १९१० मध्ये सरकारने 'देशेर कथा' जप्त केली आणि हेही अध्यापन संपले. खचलेल्या प्रकृतीने ते करौंला परतले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, त्रेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कोलकात्यातील घरी १९०६ पासून एक भाचा येऊन राहिला होता. काशीत जन्मलेले, पोरके झालेले हे बाबूराव विष्णू पराडकर. मामांच्या सहवासात त्यांना वृत्तपत्रीय लेखनाचे आणि राजकारणाचेही धडे मिळाले. 'देशेर कथा' त्यांनी हिंदीत आणली. मामांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी काशीहून 'आज' हे हिंदी दैनिक निघाले. त्याच्या संपादनाची धुरा वाहून हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे पराडकर ते हेच.