रेव्हरंड टिळक : शुभवर्तमानाचा मराठी गायक

टिळक हे आडनाव उच्चारताच मराठी मनासमोर प्रथम लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात, त्याच कोकणच्या मातीतून आणि तशाच चित्पावन घराण्यातून आणखी एक टिळक निपजले. त्यांनी राज्यकर्त्यांशी झुंज दिली नाही. झुंज दिली ती स्वतःच्या मनाशी, आप्तांशी आणि पुढे ज्यांचा धर्म स्वीकारला त्या गोऱ्या धर्मबंधूंच्या परकेपणाशीही. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता वाचून डोळे ओलावले नाहीत असा मराठी विद्यार्थी विरळा. मात्र ज्या श्रद्धेसाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, तिच्याविषयी आपण सहसा संकोचाने मौन पाळतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांच्या चरित्रात आपल्या कामाचे पुष्कळ सापडेल असे वाटते, म्हणून हा अल्प परिचय.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. काव्याची गोडी त्यांना आईकडून लाभली. वडिलांचा स्वभाव मात्र कडक. मातृछत्र बालपणीच हरपले आणि घराचा आधारही तुटला. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण थोडेच झाले, तथापि वाचनाची भूक अफाट. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी गद्यात अमर झालेल्या लक्ष्मीबाई.

टिळकांचा पाय एका गावी कधी ठरला नाही. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे पुराणिक. हाती पैसा आला की तो गरजूच्या ओंजळीत गेलाच म्हणून समजावे. या वणवणीत त्यांना नागपुरी बुटी यांच्यासारख्या धनिकाचा आश्रय मिळाला. तेथे धर्मग्रंथांचा अभ्यास करून त्यांनी 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. परंतु जितके वाचावे तितकी अस्वस्थता वाढू लागली. जातिभेदाने पोखरलेल्या समाजात देशाचा उद्धार कसा होणार, हा प्रश्न त्यांना सोडीना. देव सर्वांचा पिता आणि माणसे परस्परांची भावंडे, या पायावर आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

अशा मनःस्थितीत १८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपुराहून राजनांदगावास निघाले. राजनांदगाव त्या वेळी एक छोटे संस्थान होते. आज ते छत्तीसगड राज्यात आहे. आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. गोऱ्या माणसाच्या उद्धटपणाची अपेक्षा करणाऱ्या टिळकांना त्याच्या सौजन्याचे नवल वाटले. संस्कृत काव्यावर बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून केवळ ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत आलेले डोंगरावरील प्रवचन त्यांनी वाचले मात्र, आणि त्यांना पुस्तक खाली ठेववेना. जे आपण स्थापू पाहत होतो ते येथे आधीच कोणी जगून दाखविले आहे, अशी त्यांची खात्री होत चालली.

ख्रिस्ती मंडळीच्या संदेशाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. देव प्रेमस्वरूप पिता आहे. माणूस पापामुळे त्याच्यापासून दुरावला आहे. येशू ख्रिस्ताने क्रुसावर प्राण देऊन आणि मृत्यूतून उठून त्या दुराव्यावर मात केली आहे. आणि ही क्षमा पुण्याच्या मोबदल्यात नव्हे, तर विश्वासाने, दान म्हणून मिळते. ज्याला ती मिळाली त्याने ती आपल्यापाशीच न ठेवता इतरांस सांगावी, म्हणून ती 'शुभवर्तमान'. आमच्यापैकी बहुतेकांची श्रद्धा वेगळी आहे. पण संदेश पटला की त्याची किंमतही मोजावी लागते, हे टिळकांच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आप्तेष्टांवर जणू वीज कोसळली. लक्ष्मीबाईंची अवस्था तर शब्दांपलीकडची. पती जिवंत असून संसार मोडला. पदरी लहानगा दत्तू. नातलगांच्या आधाराने त्यांनी पंढरपुरास दिवस काढले. टिळक पत्रे पाठवीत राहिले, भेटीची याचना करीत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आल्या, त्याही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा राखून. टिळकांनी ते मानले. धर्मांतरासाठी पत्नीवर दडपण आणणे त्यांना मान्य नव्हते. जातिभेद माणसाने निर्मिला आहे, देवाने नव्हे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच्या विचाराने ठरविले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शुभवर्तमान सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या मनाचा मान कसा राखावा याचा धडा टिळकांनी प्रथम आपल्या घरात गिरविला, असे आम्हांस वाटते.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. तेथे टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. येथे त्यांच्यापुढे एक नवेच दुःख उभे राहिले. देऊळ सोडून आलेला मराठी माणूस चर्चमध्ये आला की त्याला परकी चाल, परकी बैठक आणि भाषांतराचा वास येणारी गीते भेटत. त्याने देव बदलला होता, पण जीभ कशी बदलावी? मराठीत ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचा मान १६१६ साली गोमंतकात छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'ने फादर स्टीफन्स यांच्याकडे जातो. अहमदनगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी मळविली होती. ती वाट टिळकांनी हमरस्ता केली.

त्यांनी अभंग रचले, पदे रचली, भजने रचली. ज्ञानेश्वर-तुकारामांची वाणी त्यांच्या रक्तात होती. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या लेखी ख्रिस्त हा परदेशी राजा नव्हता. तो गुरू होता, सखा होता, माउली होता. 'अभंगांजली'तील आर्तता वारकऱ्याच्या कानाला परकी वाटत नाही, ती याचमुळे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. खेड्यातील निरक्षर विश्वासणारी स्त्री जात्यावर जे गाऊ शकते ते तिच्या हृदयात राहते, हे मर्म त्यांनी जाणले. मोठमोठ्या व्याख्यानांनी जे साधले नसते ते टाळ-मृदंगाने साधले.

त्यांचे कवित्व धर्मापुरते मर्यादित नव्हते. निसर्ग, बालके, देशप्रेम आणि गृहसौख्य यांवर त्यांनी विपुल लिहिले. 'वनवासी फूल' हे त्यांचे काव्य रसिकांस परिचित आहे. १९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले, त्यात बालकवी ठोमरे यांच्या प्रतिभेचा उदय महाराष्ट्राने पाहिला. त्या कोवळ्या कवीस टिळकांनी अहमदनगरास आपल्या घरी पुत्रवत् ठेवून घेतले. अनाथ मुले, उपाशी पांथस्थ, होतकरू कवी, सर्वांना त्या घराचे दार उघडे असे. आणि रिकाम्या डब्यांशी झगडण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे असे. टिळक रागीट होते, लहरी होते, व्यवहारशून्य होते. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत लिहून ठेवले आहे, आणि म्हणूनच त्यांचे मोठेपण अधिक खरे वाटते.

१९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. तथापि पगारी धर्मोपदेशकाचे जीवन त्यांना बोचू लागले होते. ज्याने सर्व फुकट मिळाले असे सांगायचे, त्याने ते सांगण्याचा मुशाहिरा घ्यावा काय? हिंदी ख्रिस्ती मंडळीने परकीयांच्या ओंजळीने किती काळ पाणी प्यावे? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे सर्व ख्रिस्तप्रेमी तेथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना. ती मंडळीतील अनेकांना पचली नाही, आणि तिला आकार येण्यास त्यांना अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. थोडेच अध्याय लिहून झाले होते. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरओळख वाढविण्यास उत्तेजन दिले, जिचा संसार त्यांच्या श्रद्धेपायी एकदा मोडला होता, तिनेच ते काव्य पुढे नेले. आमच्या मते टिळकांच्या प्रचाराला याहून मोठे यश दुसरे नाही.

परप्रांतात पिढ्या काढताना आम्हां मराठी माणसांचे बरेच काही बदलते : अन्न, वेष, शेजार, मुलांच्या खेळातली भाषा. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक घरात डोकावतो. टिळकांनी जात सोडली, आप्त गमावले, उपासनेचा मार्ग बदलला. पण मराठी सोडली नाही. उलट, आपल्याला जे सर्वांत मोलाचे गवसले ते त्यांनी आईच्या भाषेत, तिच्याच छंदांत सांगितले. जे मनापासून सांगायचे ते आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या भाविक कवीच्या आणि त्यांच्या सहधर्मचारिणीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.