ओले एव्हिनरूड आणि होडीमागचं इंजिन

मालवण-तारकर्लीला गेलात तर होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं इंजिन नक्की दिसेल. दोरी ओढली की धडधडायला लागतं, दांडा फिरवला की होडी वळते, आणि किनारा आला की अख्खं इंजिन तिरपं करून पाण्याबाहेर काढता येतं. ही आउटबोर्ड मोटर. ती घराघरात पोचवली ओले एव्हिनरूड या माणसाने. (नाव ओले आणि काम पाण्यातलं, हा फक्त मराठीतला योगायोग!)

पहिला शोधक मात्र तो नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनची मोटर त्याच्या आधी बाजारात आली होती. पण लोकांच्या लक्षात राहिला ओले, आणि त्याचं कारण अर्धं इंजिनात आहे, अर्धं त्याच्या बायकोत.

ओलेचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. तो पाचेक वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शेती करायला आले. शेताजवळ तळं होतं आणि पोराला होड्यांचं वेड. असं सांगतात की त्याने बनवलेली पहिली शिडाची होडी वडिलांनी जळणात घातली, तर पठ्ठ्याने दुसरी बनवली. शाळा लवकर सुटली. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन गावी मशीन शॉपमध्ये कामाला लागला, पुढे पिट्सबर्ग आणि शिकागोच्या कारखान्यांत राबला, आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं स्वतःच वाचत गेला. आपल्याला चार वर्षं वर्गात बसवून शिकवतात ते याने शिफ्ट संपल्यावर शिकून घेतलं! १९०० साली मिलवॉकीत त्याने भागीदारीत इंजिनं बनवायचा छोटा धंदा काढला. इंजिनं उत्तम, हिशेब मात्र अगदी कच्चा. तिथे बेस कॅरी नावाची मुलगी त्याची पत्रं आणि वह्या सांभाळू लागली. १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं.

आइस्क्रीमची गोष्ट प्रसिद्ध आहे. ओकाची तळ्यावर सहल, कडक ऊन, बेसला आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला, परत येईपर्यंत सगळं वितळलं. हातांना फोड येईपर्यंत वल्हवताना त्याच्या डोक्यात इंजिन आलं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण १९०७ मध्ये त्याने नमुना तयार केला हे नक्की. बेसला तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला. १९०९ मध्ये विकायचं मॉडेल आलं : एक सिलेंडर, टू-स्ट्रोक, दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पाउंड म्हणजे सुमारे २८ किलो. सिलेंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा, वर फ्लायव्हील आणि खाली पाण्यात बेव्हल गियर. ही मांडणी इतकी बरोबर होती की आजही तीच चालते.

सुरू करायचं म्हणजे फ्लायव्हीलवरची मूठ धरून ते हाताने गरकन फिरवायचं. इंजिन पेटलं की मूठही चाकाबरोबर गरगरते, हात वेळेवर काढला नाही तर बोटांचं काही खरं नाही. क्लच नाही, न्यूट्रल नाही.

आणि पेटलं नाही तर? रस्त्यात गाडी बंद पडली तर ढकलता तरी येते. तळ्याच्या मधोमध काय ढकलणार? म्हणून जुन्या आउटबोर्डच्या दुरुस्तीला जरा गांभीर्याने घ्यावं लागतं. आपल्याकडे जुनी टू-स्ट्रोक स्कूटर ज्यांनी उघडली असेल त्यांना हे लगेच कळेल. सगळे आधी कार्ब्युरेटर खोलायला धावतात, ते चूक. आधी प्लगला स्पार्क आहे का आणि कॉम्प्रेशन आहे का ते पाहायचं, मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. तो बंद असेल तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल यायचं थांबतं, आणि माणूस उगाच जेट साफ करत बसतो. नंतरच्या, वेगळी टाकी आणि रबरी फुगा असलेल्या इंजिनांत एक सोपी युक्ती आहे : बंद पडायला लागलं की फुगा दाबत राहायचं. तसं केल्यावर चालत राहिलं तर संशय कार्ब्युरेटरपेक्षा फ्युएल पंपावर.

हे सगळं ठीक असेल तर मग कार्ब्युरेटर. चोक ओढल्यावर चालतं आणि सोडल्यावर मरतं, म्हणजे मिश्रण लीन आहे. जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसलाय किंवा गॅस्केटमधून हवा आत येतेय. टू-स्ट्रोकमध्ये हे दुर्लक्ष महागात पडतं, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, आणि शेवटी पिस्टन जाम. उलट पेट्रोल बाहेर गळत असेल तर फ्लोट नीडल नीट बसत नाही किंवा फ्लोटच जड झालाय. जुन्या कार्ब्युरेटरांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असायचा, वर लाखेचा थर. इथेनॉल हा थर विरघळवतं, मग बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा जुनं इंजिन बाहेर काढणाऱ्याने फ्लोट आणि रबरी नळ्या आधीच बदललेल्या बऱ्या.

ओलेकडे परत येऊ. त्याने मोटर एका मित्राला वापरायला दिली, तो दहा ऑर्डरी घेऊन आला. बेसने जाहिरातीचा मजकूर स्वतः लिहिला आणि पत्रांचा ढीग लागला. मोटरी स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांपर्यंत गेल्या, म्हणजे जिथून ओले आला तिकडेच. १९११ मध्ये पेटंट मिळालं. पण धंद्याच्या ओझ्याखाली बेसची तब्येत पार ढासळली. १९१४ मध्ये ओलेने आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयरला विकला आणि पाच वर्षं आउटबोर्डच्या धंद्यात उतरणार नाही असा करार केला. कंपनी भरात, वय सदतीस, आणि इंजिनावरचं स्वतःचं नावसुद्धा आता दुसऱ्याच्या मालकीचं! मला वाटतं त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, पेटंटपेक्षाही मोठा. तो बायको-मुलाला घेऊन फिरायला निघून गेला.

मात्र डोकं थोडंच गप्प बसणार? बेस बरी होत गेली तसं त्याने नवं डिझाइन केलं : दोन सिलेंडर, भरपूर ॲल्युमिनियम, तीन हॉर्सपॉवर आणि वजन फक्त ४८ पाउंड. पहिल्यापेक्षा ताकद दुप्पट, वजन सहा किलोंनी कमी. बॅटरी इग्निशनमुळे सुरू व्हायलाही सोपं. त्याने ते आधी मेयरला देऊ केलं. मेयरने नको म्हटलं. कराराची मुदत संपल्यावर नवरा-बायकोने नवी कंपनी काढली. एव्हिनरूड हे नाव वापरता येईना, म्हणून एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांची आद्याक्षरं घेऊन ‘एल्टो’. आता एल्टोची टक्कर होती ती खुद्द एव्हिनरूडशीच.

१९२९ मध्ये एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवुड या तिन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि ओले त्यांचा अध्यक्ष झाला. पंधरा वर्षांनी त्याचं नाव त्याच्याकडे आलं, तेही जागतिक मंदीच्या तोंडावर. बेस १९३३ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ ला, सत्तावन्नाव्या वर्षी ओलेही गेला. मुलगा राल्फने धंदा पुढे नेला. मूळ कंपनीचं २००० साली दिवाळं निघालं, नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन थांबलं. जुन्या मोटरी अजून कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये लटकलेल्या असतात, आणि कार्ब्युरेटर स्वच्छ असेल तर बहुतेक सुरूही होतात.