जागा देणारा साहेब

धुळ्यात पत्ता शोधणे सोपे. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे विचारत गेले की माणूस बरोबर दारात जाऊन उभा राहतो. आग्रा रोडच्या आसपासच्या या सरळ आखलेल्या गल्ल्या पाहून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, की एवढे शिस्तशीर गाव वसवले कोणी? पुष्कळ धुळेकर अभिमानाने विश्वेश्वरय्यांचे नाव सांगतात. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि उमेदवारीच्या त्या दिवसांत पांझरेच्या पात्रातून पाटाचे पाणी पलीकडे नेणारा सायफन त्यांनी बांधला, हे खरेच आहे. पण नव्या धुळ्याची मुहूर्तमेढ त्याच्या पासष्ट वर्षे आधी रोवली गेली होती. ती रोवणाऱ्याचे नाव कॅप्टन जॉन ब्रिग्ज.

अलीकडे धुळे-जळगावात कमी भाड्याच्या घरांचा विषय निघाला की मला या साहेबाची आठवण होते. कारण परक्या माणसाला गावात जागा द्यावी की नाही, दिली तर कोणत्या अटीवर, आणि गावातल्या जुन्यांचे काय, हे तिन्ही प्रश्न त्याच्यासमोर उभे होते. आपल्यासमोरही तेच उभे आहेत.

ब्रिग्जचा जन्म २८ डिसेंबर १७८५चा. १८०१ मध्ये, वयाची सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास पायदळात दाखल झाला. त्या वयात आपली मुले दहावीच्या शिकवणीला जातात. १८१० मध्ये जॉन माल्कमबरोबर त्याला इराणच्या वकिलातीवर जाण्याची संधी मिळाली. फार्सीचा त्याचा व्यासंग पुढे आयुष्यभर टिकला. इंग्रज-मराठ्यांच्या शेवटच्या युद्धात तो माल्कमच्याच हाताखाली राजकीय कामगिरीवर होता. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेला मुलूख सांभाळण्यासाठी निवडक अधिकारी नेमले. साताऱ्याला ग्रँट डफ, पुण्याला रॉबर्टसन, अहमदनगरला पॉटिंजर आणि खानदेशात ब्रिग्ज. त्या वेळी तो ३२ वर्षांचा होता.

त्याच्या वाट्याला आलेला खानदेश कसा होता? १८०२-०३च्या होळकरी धामधुमीने आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळाने तो पार उजाड झाला होता. गावेच्या गावे ओस, शेतांत रान माजलेले, रानात वाघांचा सुळसुळाट. किल्ल्यांवर अरब शिबंदी ठाण मांडून बसलेली. थाळनेर फेब्रुवारी १८१८ मध्ये पडले, मालेगावचा किल्ला जूनमध्ये मोठ्या वेढ्यानंतर हाती आला. सातमाळा आणि सातपुड्याच्या डोंगरांतून भिल्लांच्या टोळ्या खाली उतरत. व्यापारी माल घेऊन निघाला तर पोचेलच याचा भरवसा नव्हता.

खुद्द धुळे १८०३ साली पूर्ण निर्मनुष्य झाले होते. पुढच्या वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. त्याबद्दल त्यांना इनाम मिळाले आणि लळिंग-सोनगीरचा कारभार ते धुळ्यातूनच पाहू लागले. म्हणजे इंग्रज येण्यापूर्वीच हे गाव एकदा उठले होते आणि एकदा बसले होते. उठलेल्या गावात परत येऊन चूल मांडणारी माणसे किती धीराची असतील, याचा विचार नव्या वसाहतीतल्या माणसांनी मधूनमधून करायला हरकत नाही.

ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून हेच गाव निवडले. खानदेशाच्या मध्यावर, उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. पण गाव म्हणजे केवढे? एका बाजूला पांझरा, दुसऱ्या बाजूला पाट, भोवती बागायत, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीने बसलेली घरे. १८१९ची नोंद आहे: घरे ४०१, माणसे २५०९. आकडे दिसले की भागाकार करण्याची बँकवाल्याची खोड जात नाही. घरटी सव्वासहा माणसे आली. बाळाजी बळवंतांनी वसवलेल्या गावात दाटी आधीपासूनच होती.

तेव्हा ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला घेतल्या. दूरदूरच्या गावांहून कारागीर आणले. या सरकारी इमारतींवर सगळा मिळून सत्तावीस हजार रुपये खर्च झाला. पण नुसत्या कचेऱ्यांनी गाव होत नाही. कचेरीला कारकून लागतो, कारकुनाला वाणी लागतो, वाण्याला सावकार, सावकाराला सोनार, आणि या सगळ्यांना राहायला घर लागते. म्हणून ब्रिग्जने दोन गोष्टी केल्या. एक, नव्या पेठेत घर बांधू इच्छिणाऱ्याला जागा दिली, ती कायमची बिनभाड्याची. दोन, पक्के घर बांधता यावे म्हणून सरकारी खजिन्यातून आगाऊ रकमा दिल्या.

तीन दशकांहून अधिक काळ मी बँकेत कर्जाचे अर्ज पाहिले. तारण काय, जामीनदार कोण, पगाराचा दाखला कुठे, हे विचारण्यात हयात गेली. म्हणून या दुसऱ्या कलमापाशी मी थबकतो. जिथे पंधरा वर्षांपूर्वी चिटपाखरू नव्हते, तिथे घर बांधायला पैसे द्यायचे, ही जोखीम आमच्या कुठल्याही शाखाधिकाऱ्याने सहजी घेतली नसती. अर्थात हा दानधर्म नव्हता. ओसाड मुलखातून महसूल येत नाही, माणूस टिकला तर शेत पिकते आणि बाजार भरतो, हा साधा हिशेब त्यामागे होता.

पण माझे लक्ष वेधून घेतो तो एक बारकावा. या आगाऊ रकमा केवळ बाहेरून येणाऱ्यांसाठी नव्हत्या. जुन्या रहिवाशांनाही त्या मिळाल्या. बाहेरच्याला बोलवायचे आणि गावातल्याला बघत बसवायचे, असे ब्रिग्जने केले नाही. पांझरेकाठच्या चारशे घरांना नव्या पेठेचा हेवा वाटण्याऐवजी तिच्यात वाटा मिळावा, अशी ती व्यवस्था होती. गावात नव्या माणसांना सामावून घेण्याची याहून शहाणी रीत मला तरी ठाऊक नाही.

साहेबाचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकू नये. व्यापाऱ्यांना पेठेत जागा मिळत होत्या, त्याच वेळी डोंगरातल्या भिल्लांची रसद तोडण्यासाठी पलटणी निघाल्या होत्या. जे नाईक खाली आले त्यांना तनखे आणि राखणदारीची कामे दिली गेली, जे आले नाहीत त्यांच्यावर शस्त्र चालले. हा प्रश्न ब्रिग्जच्या कारकिर्दीत सुटला नाही. तो गेल्यावर, १८२५ मध्ये, औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, तेव्हा कुठे धामधूम कमी होऊ लागली. गाव वसले की ते कोणासाठी वसले आणि वेशीबाहेर कोण राहिले, हा प्रश्न तेव्हाही होता.

१८२३ मध्ये ब्रिग्जने खानदेश सोडला. ग्रँट डफनंतर साताऱ्याच्या रेसिडेंटपदी त्याची नेमणूक झाली. फार्सीचे प्रेम फळाला आले ते १८२९ मध्ये. फरिश्त्याच्या इतिहासाचे त्याचे इंग्रजी भाषांतर चार खंडांत प्रसिद्ध झाले आणि दख्खनच्या सुलतानांवर लिहिणाऱ्यांना आजही ते चाळावे लागते. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातल्या जमीनसाऱ्यावर त्याने ग्रंथ लिहिला. जमिनीचा मालक सरकार नसून ती कसणारा आहे, सरकारचा हक्क फक्त माफक कराचा, अशी त्याची मांडणी होती. कंपनी सरकारच्या नोकराने हे लिहावे, याला धाडस लागते. खानदेशातल्या चार-पाच वर्षांत त्याने जे डोळ्यांनी पाहिले, त्याचाही या मतात अंश असावा असे मला वाटते.

१८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला, तेव्हा गव्हर्नर-जनरल बेंटिंकने त्याला तिथल्या कमिशनरांत ज्येष्ठ म्हणून नेमले. मद्रास सरकारला ही नेमणूक रुचली नाही. खटके उडाले आणि वर्षभरातच, सप्टेंबर १८३२ मध्ये, त्याने राजीनामा दिला. मग नागपूरची रेसिडेन्सी. १८३५ मध्ये तो मायदेशी परतला, तो पुन्हा आला नाही.

निवृत्त साहेब विलायतेत बागकाम करीत बसतात. ब्रिग्ज बसला नाही. धान्यावरील जकातीमुळे गरिबाची भाकरी महाग होते म्हणून तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीत त्याने भाग घेतला. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत तो हिंदुस्थानच्या बाजूने बोलत राहिला. डलहौसीने संस्थाने खालसा करण्याचा सपाटा लावला, त्याला ब्रिग्जने कडाडून विरोध केला. १८४८ मध्ये सातारा गेले, १८५४ मध्ये नागपूर गेले. ही दोन्ही दरबारे त्याने आतून पाहिलेली होती. २७ एप्रिल १८७५ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, ससेक्स परगण्यातल्या बर्जेस हिल या गावी त्याचा मृत्यू झाला.

इकडे त्याचे धुळे वाढत होते. १८६२ मध्ये नगरपालिका आली. १८७२च्या पुरात पांझरेने घरादारांची मोठी नासाडी केली, तरी गाव उठले नाही. १८८१ मध्ये वस्ती अठरा हजारांवर आणि १९०१ मध्ये चोवीस हजारांवर गेली. शेजारी जळगावही असेच बाहेरच्यांनी मोठे केले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, आडते आले, आणि पोलन साहेबाच्या नावाची पोलन पेठ वसली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल यांच्या भोंग्यावर जगणारी हजारो कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहिली आणि तिथेच त्यांची मुले शिकली. २०११च्या जनगणनेत धुळे पावणेचार लाखांच्या घरात आणि जळगाव साडेचार लाखांच्या वर होते.

आणि आज? बदलीच्या नोकरीत मी खानदेशातल्या तीन गावांत भाड्याने राहिलो. प्रत्येक ठिकाणी घरमालकाने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग खाणेपिणे, आणि बँकेचे नाव ऐकल्यावर चहा आला. ज्याच्या मागे बँक नव्हती त्याला चहा मिळाला असेल का, हा विचार तेव्हापासून मनात आहे. घरमालकांची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. १९४७च्या भाडेकायद्याने गोठलेली भाडी आणि वर्षानुवर्षे चाललेले दावे लोकांनी पाहिले होते. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तरी अकरा महिन्यांच्या कराराची सवय सुटली नाही. पुष्कळांनी तर कुलूप पत्करले, भाडेकरू नको म्हटले. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली, त्यामागे हेही एक कारण आहे.

गरिबांच्या घरांची नुसती घोषणा पुरत नाही, हे जळगावकरांना सांगायला नको. घरकुल योजनेतली सुमारे अकरा हजार घरे ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाहीत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले आणि पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. २०२०च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघालेले देशाने पाहिले, तेव्हा केंद्राने स्वस्त भाड्याच्या घरांची योजना आणली. २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे गेला. कागद आहेत. अडते ते गल्लीत.

गल्लीतल्या बैठकांना मीही जातो. तिथे निघणाऱ्या हरकती दोन प्रकारच्या असतात. नळाला काही दिवसांआड पाणी येते, गटार आधीच तुंबलेले, रस्ता बारा फुटांचा, शाळेच्या वर्गात जागा नाही. त्यात आणखी दीडशे कुटुंबे आली तर? ही हरकत खरी आहे. ती लेखी मांडावी आणि इमारतीआधी जलवाहिनी टाका असे महापालिकेला ठणकावून सांगावे. जुन्यांना वाटा दिल्याशिवाय नव्यांना बोलावू नये, हा ब्रिग्जचाच धडा आहे.

दुसरी हरकत हळू आवाजात येते. कसले लोक येतील? तिचे उत्तर मला माझ्या टेबलावरच्या फायलींनी दिले आहे. घरासाठी कर्ज मागायला येणारा बहुतेक माणूस आधी कोणाचा तरी भाडेकरू असे. दहा-दहा वर्षे ज्याने दर महिन्याला भाडे चुकवले नाही, त्याचा हप्ताही सहसा चुकत नसे. पहाटे दूध टाकणारा, मार्केट यार्डातला हमाल, इस्पितळातली आया, सोन्याच्या पेढीवरचा कारागीर, यांच्याशिवाय आपले गाव एक दिवस चालत नाही. ते गावात राबणार, मग राहणार कुठे? दूर नाल्याकाठी राहिले तर आपल्याला ते दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

जुन्या धुळेकर घराण्यांत कोणी बुऱ्हाणपूरकडून आल्याचे सांगतात, कोणी गुजरातेतून, कोणी मारवाडातून, कोणी घाटावरून. पूर्वज कधी आले हे सांगताना सगळ्यांचा आवाज अभिमानाने भरून येतो. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी त्यांना दारात थांबवून आडनाव विचारले गेले असते, तर आज हरकतीच्या अर्जावर सही करायला त्यांचे वारस गावात नसते. पुढच्या बैठकीत पाण्याचा प्रश्न जरूर विचारू या. तो विचारून झाल्यावर मात्र, येणाऱ्यांच्या आडनावांची यादी मागायची नाही, एवढे आपण ठरवले तरी पुष्कळ झाले.