रमाबाईंची उपकारस्तुती

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी व धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे धर्मांतर आपल्यापैकी कित्येक भगिनींना आजही रुचत नसेल. परंतु मला त्यांच्या चरित्रात अधिक मोलाची वाटते ती उपकारस्तुती. सुखात आणि दुःखातही देवाचे आभार मानण्याला ख्रिस्ती मंडळी हा शब्द योजतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांना मृत्यूने गाठले. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यास मोठा सन्मान झाला; १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. मनोरमा तेव्हा अवघी दहा महिन्यांची होती.

१८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या व वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींनी त्यांना व मनोरमेला आसरा दिला होता. ते उपकार बाई कधी विसरल्या नाहीत. पण धर्ममतांच्या बाबतीत आपल्याला न पटलेले त्यांनी मान्यही केले नाही. त्या काळची त्यांची पत्रे वाचली म्हणजे दिसते की, आभार मानणारी ही बाई मिंधी मुळीच नव्हती. मला हे फार आवडते. आपण बायका उपकाराच्या ओझ्याखाली किती वेळा मान डोलावतो!

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. मुली ख्रिस्ती होतात अशी ओरड होऊन १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी काम चालू राहिले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या. उपाशी पोट म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. त्यांना ठेवायचे कोठे, खायला काय घालायचे, हा विचार मागाहून! केडगावच्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. आपण स्वतः वाचलो, याचे आभार त्यांनी असे मानले. तेथे मुली शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकल्या. आंधळ्या मुलींनाही वाचावयास शिकविले जाई.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यानंतर दोनच वर्षांत, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. आपल्यामागे संस्था तीच सांभाळील, ही बाईंची आशा होती. बाईंची प्रकृतीही खालावली होती. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून हाती घेतलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. मुद्रिते तपासून होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडला.